सर्व्हरवर पिवळ्या अक्षरात 'शेल' आलं? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

एप्रिल लागला की माझ्या व्हॉट्सअपवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. काळी स्क्रीन, तिच्यावर न कळणाऱ्या ओळींची रांग, सगळ्यात खाली पिवळ्या अक्षरात 'शेल' आणि त्याच्यापुढे एक बाण, आणि फोटोखाली मेसेज, "भाऊ हे काय आलंय, हॅक झालं का?" जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल असो, रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं ऑफिस असो नाहीतर भुसावळचा एखादा दवाखाना, गोष्ट तीच असते. पारा 44-45 ला गेलेला, भर दुपारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली, सर्व्हर धाडकन बंद. लाईट आली, बटण दाबलं, आणि विंडोजच्या जागी हे.

ह्याच्यापुढे जे होतं ते जास्त वाईट. जवळपासचा कोणीतरी जाणकार येतो, स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो विंडोज उडालं भो, फॉरमॅट मारावं लागेल. मालक घाईत असतो, गाडी भरायची असते, बिलं काढायची असतात, तो म्हणतो मारा. आणि टॅलीचा सगळा डेटा, जो त्या क्षणापर्यंत डिस्कवर जसाच्या तसा होता, तो खरंच जातो. म्हणून हा लेख. ही स्क्रीन दिसली तर उलट बरं समजा, कारण घोळ कुठे आहे हे ती स्वतःच सांगत असते, फक्त ते वाचता आलं पाहिजे.

आधी मशीन उठतं कसं ते बघू

मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, तिच्यात कायमचा भरलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तोच जागा होतो. 1981 च्या आयबीएम पीसीपासून ह्याला बायोस म्हणायचे, आणि आपल्याकडे अजूनही सगळे बायोसच म्हणतात. मग इंटेलने 90 च्या दशकाच्या शेवटी इटॅनियम नावाच्या मोठ्या सर्व्हर प्रोसेसरसाठी नवीन पद्धत काढली कारण जुनं बायोस तिथे पुरेना, आणि 2005 मध्ये कंपन्यांनी मिळून तिची एक सामायिक संस्था केली. त्या पद्धतीचं नाव यूईएफआय. आजचा जवळपास प्रत्येक सर्व्हर ह्याच्यावर चालतो.

जिनिंग मिलमध्ये पहाटेचा वॉचमन असतो ना, तसंच समजा. तो शटर उघडतो, मेन स्विच टाकतो, कोणतं मशीन जागेवर आहे ते फिरून बघतो, आणि मॅनेजर आला की किल्ल्या त्याच्या हातात देऊन घरी जातो. मॅनेजर म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. वॉचमनच्या खिशात एक चिठ्ठी असते, आधी ह्याला फोन लावायचा, तो नाही उचलला तर त्याला. ही चिठ्ठी बोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते, तिला बूट ऑर्डर म्हणतात. आता चिठ्ठीतला एकही माणूस सापडला नाही तर वॉचमन काय करेल? गेटवर उभा राहून विचारेल, साहेब आता काय करू? तो प्रश्न म्हणजे तुमच्या स्क्रीनवरचं 'शेल'.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सर्व्हरला उठायला वेळ लागतो. रॅम भरपूर असली तर ती तपासण्यात आणि रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड) जागं करण्यात दोन-चार मिनिटं सहज जातात, स्क्रीन काळीच राहते, आणि लोकांना वाटतं हँग झालं म्हणून परत बटण दाबून बंद करतात. परत तेच, परत तेच. अरे थांबा जरा, चहा प्या.

मग हे डॉस आहे का?

दिसतं डॉससारखं, कमांडही काही तशाच आहेत, पण डॉस नाही आणि लिनक्सही नाही. शेल हा फर्मवेअरच्या आतच ठेवलेला एक लहानसा प्रोग्राम आहे. बऱ्याच सर्व्हर बोर्डवर कंपनीनेच तो भरून दिलेला असतो आणि चिठ्ठीत शेवटच्या नंबरला टाकलेला असतो, म्हणून बाकी सगळं फसलं की तो उगवतो. घरच्या पीसीवर हा सहसा नसतो, तिथे सरळ बूट डिव्हाइस मिळालं नाही एवढंच लिहून येतं.

ह्यात युजर नाही, लॉगिन नाही, माउस नाही. विंडोज किंवा लिनक्सने एकदा मशीनचा ताबा घेतला की शेल मेमरीतून संपतो, दोन्ही एका वेळी चालू राहू शकत नाहीत. आणि आपणहून तो डिस्कवर काही लिहीत नाही. तुम्ही कमांड दिल्याशिवाय तो नुसता बसून असतो. त्यामुळे "हे आल्यामुळे डेटा गेला का" ह्याचं उत्तर नाही, ह्याच्यामुळे काहीच जात नाही. (तुम्ही आर-एम टाइप करून फायली उडवल्या तर मात्र जाईल, तिथे रिसायकल बिन वगैरे नाहीये.)

स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा, उत्तर तिथेच आहे

शेल सुरू होताना पाच सेकंदांची उलटी मोजणी दाखवतो, एस्केप दाबलं की थेट बाणावर येतो. त्याच्या वर 'मॅपिंग टेबल' म्हणून जी यादी असते ती सोडून लोक फक्त शेवटच्या ओळीचा फोटो पाठवतात, आणि खरी माहिती यादीत असते. यादी वर सरकून गेली असेल तर पेज-अप दाबा, नाहीतर मॅप, स्पेस, डॅश, आर टाइप करून एंटर मारा, ताजी यादी येते. पेनड्राईव्ह नंतर लावला असेल तरी हेच करायचं, त्याशिवाय तो दिसत नाही. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, तिथे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

यादीत दोन प्रकारची नावं दिसतील. एफएस-झिरो, एफएस-वन अशी, आणि बीएलके-झिरो, बीएलके-वन अशी. बीएलके म्हणजे डिस्क किंवा तिचा एखादा भाग आहे एवढं मशीनला दिसतंय. एफएस म्हणजे त्या भागातल्या फायलीही वाचता येतायत. ह्या दोन शब्दांवर अर्धं निदान होतं.

एफएस दिसतंय, म्हणजे डिस्क जिवंत आहे आणि बूटच्या फायली असलेला भाग बहुतेक शाबूत आहे, फक्त चिठ्ठी हरवली. एवढ्यासाठी फॉरमॅट मारणाऱ्याला खरंतर दंडच लावला पाहिजे.

फक्त बीएलके दिसतायत, एफएस एकही नाही, तर दोन शक्यता. एक, तो छोटा बूटचा भाग खराब झालाय. दुसरी, आणि आपल्याकडे जास्त सापडणारी, विंडोज मुळात जुन्या बायोस पद्धतीने टाकलेलं होतं, बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, काही बोर्डांवर त्याने सगळी सेटिंग मूळपदावर जाते, आणि मशीन आता नव्या पद्धतीने बूट शोधतंय जी त्या डिस्कवर नाहीच. हे ओळखायला शेलमध्येच डेट टाइप करा. तारीख काही वर्षं मागची आली तर सेल गेलाय. सीआर-2032 नंबरचा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, तो बदलायचा, सेटअपमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगच्या मेनूत) जाऊन बूट मोड परत लेगसी, म्हणजे जुना बायोसवाला, करायचा आणि डिस्कची पद्धत आधी रेड होती की एएचसीआय (डिस्क सुट्ट्या चालवायची) तेही जागेवर आणायचं. बास. मशीन उठतं. उन्हाळ्यातले निम्मे फोटो ह्याच प्रकारातले असतात असं मला वाटतं.

आणि बीएलकेसुद्धा नाही, फक्त पेनड्राईव्ह दिसतोय किंवा काहीच नाही? मग डिस्क, केबल किंवा रेड कार्ड. पीसीआय एवढी कमांड दिली की मशीनला दिसणाऱ्या सगळ्या कार्डांची यादी येते, तिच्यात 'मास स्टोरेज कंट्रोलर'ची ओळ शोधायची. ओळ आहे पण डिस्क नाहीत म्हणजे कार्ड ठीक आणि पुढे गडबड. ओळच नाही तर कार्ड ढिलं झालंय किंवा गेलंय. इथून पुढे मात्र हात आवरा. कारण रेड कार्ड कधीकधी विचारतं की ह्या डिस्कवर बाहेरची रचना सापडली, घ्यायची की पुसायची, आणि घाईत 'पुसा' दाबलं की डिस्कांची एकमेकांशी असलेली जुळणीच उडते. नवीन ॲरे (डिस्कांची जोडणी) बनवू नका, इनिशियलाइझ (डिस्क कोरी) करू नका, कळणाऱ्या माणसाला बोलवा.

अजून एक भीती नेहमीची. एफएस-झिरोमध्ये गेलो, एल-एस (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं, तर एकच ईएफआय नावाचं फोल्डर दिसतं आणि माझा डी ड्राईव्ह गायब. गायब नाहीये. शेलला फक्त फॅट प्रकारची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, वाचता येते, विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी-फोर त्याला कळत नाही, वेगळा ड्रायव्हर लोड केला तरच. तुमचा डी ड्राईव्ह तिथे बीएलके म्हणून निवांत बसलेला असतो.

चिठ्ठी परत कशी लिहायची

समजा एफएस-झिरो दिसतंय. टाइप करा एफएस-झिरो आणि पुढे कोलन, एंटर. आता तुम्ही त्या भागात आलात. विंडोज असेल तर रस्ता असा असतो: ईएफआय फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात बूट, आणि तिथे बूट-एमजीएफडब्ल्यू डॉट ईएफआय नावाची फाइल. सी-डी ह्या कमांडने एकेका फोल्डरमध्ये उतरत जा, टॅब दाबलं की नाव आपोआप पूर्ण होतं, तिरकी रेघ मात्र उलटी, डॉसवाली. फाइलीचं नाव टाइप करून एंटर मारलं की ती सरळ चालू होते, आणि सगळं ठीक असेल तर समोर विंडोजचं चक्र फिरायला लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्या अकाउंटंटचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण हे झालं आजपुरतं. उद्या परत सुरू केलं की परत शेल. कायमचं करायला बी-सी-एफ-जी नावाची कमांड आहे. बी-सी-एफ-जी बूट डम्प दिलं की सध्याची चिठ्ठी दिसते, एकेक नोंद, तिचा नंबर आणि तिचा पत्ता. बरेचदा विंडोजची नोंद असतेच पण खाली ढकललेली असते, मग बी-सी-एफ-जी बूट एम-व्ही, आधी जुना नंबर मग नवा, म्हणजे तीन नंबरची शून्यावर. नोंदच नसेल तर बी-सी-एफ-जी बूट ॲड, नंबर, फाइलीचा पूर्ण पत्ता, आणि शेवटी अवतरण चिन्हात तुम्हाला हवं ते नाव. झालं की रिसेट टाइप करायचं. कीबोर्डवर हे करायला भीती वाटत असेल तर एक्झिट टाइप करून सेटअपमध्ये जा, बऱ्याच सर्व्हरमध्ये तिथे बूट ऑप्शन जोडायचा मेनू असतो, काम तेच होतं.

दोन कमांडपासून लांब राहा. डी-एम-पी-स्टोअर डॅश डी ही त्या चिपमधल्या नोंदी पुसते, आणि एम-एम ही थेट मेमरीत हात घालते. नेटवर कुठेतरी लिहिलंय म्हणून मारू नका.

एवढी कटकट ठेवलीच कशाला, विंडोजमधून होत नाही का?

विंडोज उठलं तर होतं ना! न उठलेल्या मशीनवर काम करता यावं हाच ह्याचा जन्म. कारखान्यात बोर्ड तयार झाला की त्याच्यावर विंडोज नसतंच, तपासणी शेलमधून होते. फर्मवेअर अपडेट करायची बरीच साधनं शेलमध्ये चालतात. तुमच्या सर्व्हरमध्ये रॅमच्या पट्ट्या किती आणि कुठल्या खाचेत आहेत हे झाकण न उघडता बघायचंय? एसएमबायोस-व्ह्यू डॅश टी 17 मारा, एकेका खाचेची माहिती येते. आणि स्टार्टअप डॉट एनएसएच नावाच्या फाइलीत कमांड लिहून ठेवल्या तर शेल सुरू झाल्यावर त्या आपोआप चालतात, म्हणजे चाळीस सर्व्हरना एकच काम करायचं असेल तर चाळीसदा टाइप करत बसावं लागत नाही.

अपडेटचं मात्र एक सांगतो. फर्मवेअर लिहिलं जात असताना लाईट गेली तर बोर्ड मेल्यासारखा होऊ शकतो, काही महाग सर्व्हरमध्ये दुसरी राखीव प्रत असते पण सगळ्यांत नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हे काम काढणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवणं. सकाळी लवकर करा, यूपीएसची बॅटरी खरंच किती मिनिटं टिकते ते आधी तपासून करा.

दुसरं कारण म्हणजे लांबून काम. चांगल्या सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा एक अजून लहान कॉम्प्युटर असतो, त्याची स्वतःची लॅन पिन असते, आणि सर्व्हर बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत तो जागा असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयलो. त्यातून पुण्यात बसलेला इंजिनियर तुमच्या चाळीसगावच्या सर्व्हरची स्क्रीन बघू शकतो आणि शेलमध्ये टाइप करू शकतो. सगळं अक्षरांचं काम असल्यामुळे रडकं नेट असलं तरी निभतं. एवढ्या लांब गाडी काढायची वाचते, हे काय कमी आहे का.

लॉगिनच नाही म्हणजे कोणीही येऊन काहीही करेल?

हो, हा प्रश्न बरोबर आहे, आणि इथेच लोक निष्काळजी असतात. वॉचमन समोरच्याला तू कोण विचारत नाही, सांगेल ते करतो. तुमचा विंडोजचा पासवर्ड कितीही अवघड असू द्या, शेलला तो माहीतच नाही. कीबोर्डपर्यंत पोचलेला माणूस पेनड्राईव्ह लावून दुसरीच सिस्टिम चालू करू शकतो. म्हणून सर्व्हर गोडाऊनच्या कोपऱ्यात पोत्यांशेजारी नको, कुलपात पाहिजे. सेटअपला पासवर्ड लावा. शेल नेहमी लागत नसेल तर बऱ्याच बोर्डांवर तो सेटअपमधून बंद करता येतो. बीएमसीचा पासवर्ड कंपनीने दिलेला तसाच ठेवू नका आणि ती पिन थेट इंटरनेटला तर कधीच जोडू नका. विंडोजच्या बिटलॉकरसारखं कुलूप डिस्कवर असेल तर डिस्क काढून नेली तरी डेटा वाचता येत नाही, फक्त त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, कारण बूटची सेटिंग बदलली की बिटलॉकर ती मागू शकतो.

ह्याच्यावरचा मोठा उपाय म्हणजे सिक्युअर बूट. हे चालू असलं की फर्मवेअर फक्त ओळखीची डिजिटल सही असलेलेच प्रोग्राम चालू देतो, त्यामुळे पेनड्राईव्हवरून आणलेला बिनसहीचा शेल तिथे चालत नाही. मग झालं ना? पूर्ण नाही. 2025 मध्ये एक्लिप्सियम ह्या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपसाठी सही केलेल्या शेलमध्ये ती वर सांगितलेली एम-एम कमांड तशीच ठेवलेली होती, आणि तिने मेमरीतली एक नोंद बदलली की सही तपासणारी यंत्रणाच गप्प होते. म्हणजे सही खरी, प्रोग्राम अधिकृत, तरी दार उघडं. अशा जुन्या प्रोग्रामांना काळ्या यादीत टाकायचं काम फर्मवेअर आणि विंडोजच्या अपडेटमधून होतं, म्हणून अपडेट टाळू नका.

आणि ते 'जूनमध्ये जुने सर्व्हर बंद पडणार'वालं फॉरवर्ड?

अर्धवट ऐकून केलेलं आहे. सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टची जी 2011 ची सर्टिफिकेट (सही ओळखायचे डिजिटल दाखले) जगभरच्या मशीनमध्ये आहेत त्यांची मुदत जून 2026 पासून संपायला लागते, त्यांची जागा 2023 ची नवीन घेतात. मुदत संपली म्हणून चालू मशीन बंद पडत नाही, ते उठतच राहतं. अडचण पुढची आहे, बूटशी संबंधित नवीन दुरुस्त्या जुन्या सर्टिफिकेटवर मिळत नाहीत. म्हणून सर्व्हर कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं फर्मवेअर बघा आणि नवीन असेल तर टाका. ह्या नावाखाली नवीन सर्व्हर गळ्यात मारायला कोणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

शिकायचं असेल तर चालू सर्व्हरवर नको

व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. एक नवीन मशीन बनवा, सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ईएफआयची टिक लावा, आत काहीच इन्स्टॉल न करता चालू करा. बूट करायला काही नाही म्हटल्यावर थोड्या वेळाने तोच काळा पडदा आणि तोच पिवळा बाण येतो. हेल्प डॅश बी मारा, सगळ्या कमांड पान-पान थांबत दिसतात. तिथे खुशाल डी-एम-पी-स्टोअरचे प्रयोग करा, बिघडलं तर मशीन डिलीट करून दुसरं बनवायचं. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या पोरांनी हे एका संध्याकाळी केलं तरी गावातल्या बऱ्याच जणांचा डेटा वाचेल.

आणि खऱ्या सर्व्हरवर हे आलं आणि मला किंवा तुमच्या माणसाला फोटो पाठवायचाच असेल, तर चार पाठवा: पूर्ण मॅपिंग टेबल, डेट कमांडचं उत्तर, बी-सी-एफ-जी बूट डम्पची यादी, आणि सर्व्हरवरच्या मॉडेल नंबरचा स्टिकर. फ्लॅश बंद करून काढा, स्क्रीनवर चकाकतो.